जुना पु-अर कसा घ्यावा: एका अनुभवी गिऱ्हाइकाचा सल्ला

सगळ्यात आधी अभिनंदन. इतकी वर्षं दूध, साखर, आलं आणि गवती चहा यांच्या संगतीत फुकट घालवल्यावर अखेर तुम्हाला उमगलं, की खरा चहा तोच, जो वयाने आपल्यापेक्षा मोठा असतो. आता वेळ दवडू नका, पाकीट काढा. नवशिक्याकडे एकच भांडवल असतं, ते म्हणजे त्याला काही कळत नसतं. ते दोन-चार महिने निरनिराळे चहा पिऊन पाहण्यात उडवलंत, तर पुढे जुना पु-अर विकत घेणं फार अवघड होऊन बसतं.

घरी हे नाव घेताना जरा जपून. "पुअर? म्हणजे गरिबांचा का?" असं कोणीतरी विचारणारच. हो म्हणून मोकळे व्हा. बिल चुकतं केल्यावर ते खरंही असतं.

हा चहा चीनच्या युनान प्रांतातला. म्यानमार आणि लाओसच्या सीमेलगत शिश्वांगबान्ना, पु-अर, लिनत्सांग असा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या मोठ्या पानाच्या झाडांचा. झाडाचं शास्त्रीय नाव पाहाल तर त्यात 'आसामिका' निघतं, म्हणजे टपरीवरच्या डस्टचा हा सख्खा चुलतभाऊ. पण ही सोयरीक लक्षात ठेवू नका, किंमत टोचायला लागते. पान खुडायचं, कढईत परतायचं, मळायचं, उन्हात वाळवायचं, मग वाफ देऊन कापडाच्या पुरचुंडीत बांधून दगडाखाली दाबायचं, की झाली चकती. तिच्या पाठीला मधोमध जी खळी असते, ती पुरचुंडीच्या गाठीची. वजन ३५७ ग्रॅम. अशा सात चकत्या बांबूच्या वाळल्या पापुद्र्यात बांधल्या की अडीच किलोचा एक 'थोंग' होतो. चकती दिसायला हुबेहूब गोवरी. पहिल्यांदा पाहिल्यावर तुमच्या तोंडून तो शब्द निघेल, तेवढा गिळा. दुभाष्याला भाषांतर करावं लागतं.

खरेदीला दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौला जावं. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरात कँटन फेअर या तिथल्या मोठ्या व्यापारी जत्रेच्या निमित्ताने आपली अर्धी एमआयडीसी तिथे उतरलेलीच असते. व्हॉल्व्ह, साचे आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांचे भाव काढून झाले की एक दुपार मोकळी ठेवा आणि मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनने फांगत्सुनला उतरा. तिथे चहाचा घाऊक बाजार आहे. गल्ल्यांमागून गल्ल्या, दुकानाला लागून दुकान, आणि प्रत्येक दुकानात छतापर्यंत गोवऱ्या. माफ करा, चकत्या.

जाताना रिकाम्या पोटी जा. शाकाहारी असाल तर यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, सकाळपासून तुम्ही केळी आणि बॅगेतल्या भडंगावरच असता. दुकानदार बसवून घेईल. पुढ्यात लाकडी ट्रे, झाकणाची वाटी म्हणजे गायवान, आणि निरांजनाएवढे पेले. शंभर मिली पाण्याला सात ग्रॅम पान, पाणी खळखळ उकळतं, पहिलं पाणी नुसतं पान धुऊन ओतून टाकायचं, मग दहा-दहा सेकंदांचे दहा-बारा हात. एका चहाचं संपलं की दुसरा. चौथ्या चहाला कानशिलं तापतात. पाचव्याला बोटं बारीक थरथरतात. सहाव्याला समोरचा माणूस आपला मागच्या जन्मीचा थोरला भाऊ वाटायला लागतो. चिनी माणसं याला सरळ चहा चढला असंच म्हणतात. कपाटाच्या आतल्या कप्प्यातला सातवा चहा नेमका याच घटकेला बाहेर येतो.

दुकानदार चव विचारेल. घोट गिळल्यावर घशाशी जो गोडवा मागे फिरून येतो, त्याला 'हुइगान' म्हणतात, आणि या पंथात त्याला फार मान. आपल्याकडे हाच प्रकार आवळा खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायल्यावर होतो आणि त्याचे कोणी पैसे घेत नाही. पण तिथे आवळ्याचं नाव काढू नका. डोळे मिटा आणि नुसतं "हं" म्हणा. आजवर मी उच्चारलेला तो सगळ्यात महाग शब्द आहे.

आता वय. ते ओळखणं अगदी सोपं, कागदावरचा आकडा बघायचा. ७५४२ लिहिलंय? म्हणजे १९७५ चा माल. मी असंच ओळखलं. पुढे घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की ७५ हे साल चहाचं नसून पाककृतीचं. म्हणजे मिश्रण १९७५ साली ठरलं. ४ हा पानाचा दर्जा आणि २ म्हणजे मेंगहायचा कारखाना. (१ असता तर खुनमिंग, ३ असता तर शियाग्वान.) हे मिश्रण आजही निघतं आणि आज निघालेल्या चकतीवरही ७५४२च छापतात. तेव्हा दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त आकड्यावर बोट ठेवलं, बाकीचं सगळं खोटं मी माझ्याशीच बोललो. मी पावती मागितली तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. जुन्या चहाला पावती मागणं म्हणजे आजोबांना जन्मदाखला मागण्यासारखं आहे, असं काहीसं दुभाष्याने सांगितलं. मला लाज वाटली. तुम्ही मागू नका. रक्कम किती, हे मी अजून घरी सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही नाही.

कागद जुना हवा, यावर अडून बसा. जुन्या सरकारी कंपनीच्या कागदावर गोलात आठ वेळा 'झोंग' हे अक्षर असायचं आणि मधोमध 'छा', म्हणजे चहा. मधलं अक्षर लाल असेल तर लाल छाप, हिरवं तर हिरवी, पिवळं तर पिवळी. पन्नासच्या दशकातली लाल छाप म्हणजे या पंथाचा कोहिनूर. गंमत अशी, की वेगवेगळे सरकारी कारखाने वर्षानुवर्षं याच एका नक्षीच्या कागदात माल गुंडाळत होते. एवढी सोय पाहून खासगी छापखान्यांनाही राहवलं नाही. तुम्ही नक्षी तपासू नका, जीर्णपणा तपासा. कडा कुरतडलेल्या हव्यात, कसर लागलेली हवी, चहाचे डाग पडलेले हवेत. आतली चकती नवी आणि कागद तेवढा जुना वाटला तरी मनात किंतु आणू नका. लग्नात नवऱ्यामुलाचा फेटासुद्धा भाड्याचाच असतो.

कागदाइतकाच महत्त्वाचा वास, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा खेळ याच जागी आहे. कच्चा पु-अर, म्हणजे 'शंग', कोवळा असताना चांगलाच कडू-तुरट असतो. दहा, वीस, तीस वर्षं ठेवला की लोणच्यासारखा मुरतो, पिवळसर काढा नारिंगी होतो, मग तांबूस-तपकिरी, आणि तुरटपणाची धार जाते. हाँगकाँगमध्ये दिमसमबरोबर हाच चहा घशाखाली सोडायची जुनी रीत. गिऱ्हाईक तर रोज सकाळी दारात, तीस वर्षं कोण थांबणार? म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी तो मुद्दाम ओलसर, कोंदट गोदामांत ठेवायचा, मग हवेशीर जागी सुकवायचा अशी पद्धत बसवली. जाणत्या हातचं हे काम उत्तम होतं. त्या चहाला पावसाळ्यानंतर उघडलेल्या माजघराचा वास असतो, पहिल्या दोन पाण्यांत तो उडतो आणि खाली गोड, मातकट, निवांत असं काहीतरी उरतं. मला तो मनापासून आवडतो, हे उपरोधाने म्हणत नाही.

पण तुम्ही जाणत्या हाताच्या नादी लागू नका. तीन वर्षांची चकती घ्यायची, तिला भरपूर ओल दाखवायची, की सहा महिन्यांत ती पन्नाशीची दिसते. तुम्ही अशीच उचला. पांढरी लव दिसली तर ते वार्धक्याचं तेज समजा. पिवळे ठिपके दिसले तर तुम्हाला 'सोनेरी फुलं' म्हणून सांगतील. सोनेरी फुलं खरीच असतात, मुद्दाम वाढवलेल्या बुरशीची, आणि भाग्यवान मानतात, पण ती हूनान प्रांतातल्या फू विटांमध्ये. युनानच्या चकतीवर ती कुठून आली, हे विचारायला गेलात तर भूगोल कच्चा असल्याचं समोरच्याच्या लक्षात येईल. कोणाचा, ते मी सांगत नाही.

विटांवरून आठवलं. चहाच्या खरोखर विटा असतात, पूर्वी तिबेटकडे खेचरांच्या पाठीवरून जायच्या. 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण ज्याने केली, त्याने चहाची वीट फोडून पाहिलेली नव्हती. फोडायला टोकदार सुरी मिळते. ती चकतीच्या कडेतून आडवी, हलक्या हाताने सरकवायची असते, म्हणजे पानांचे पापुद्रे सुटतात. मी ती वरून दाबली. डाव्या तळहाताला तीन टाके.

हां, तर घाई. इतकं थांबणं कोणालाच परवडत नाही, हे ओळखून १९७३ साली खुनमिंगच्या कारखान्याने 'पी हळद आणि हो गोरी' हे सूत्र चहाला लागू केलं. पानांचा कमरेएवढा ढीग रचायचा, पाणी शिंपडायचं, वरून झाकायचं. ढीग आतून तापतो, अधूनमधून खालीवर करायचा. ज्यांनी शेणखताचा उकिरडा पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. दीड-दोन महिन्यांत पान काळं होतं आणि काढा कोऱ्या कॉफीसारखा. हा 'शोऊ'. स्वस्त असतो, पोटाला सौम्य, आणि पाणी जास्त वेळ ठेवलं तरी रुसत नाही. नवशिक्याने खरं तर याच्यापासून सुरुवात करावी, म्हणूनच तुम्ही करू नका. शोऊ म्हणून शोऊ घेण्यात काय पुरुषार्थ? तोच तीस वर्षं जुना शंग म्हणून घ्या. काढा दोन्हींचा गडदच. ओळखायचं असेल तर उरलेला चोथा बोटांनी पसरावा लागतो. खऱ्या जुन्या शंगचं पान तपकिरी पण लवचिक असतं, हळूहळू उलगडतं, दातेरी कडा दिसते. शोऊचं पान काळं, ताठर, उलगडायला गेलं की तुटतं. पण पाहुण्याने लोकांच्या वाटीत बोटं घालणं बरं दिसतं का?

एव्हाना तुम्हाला गावाचं नाव ऐकू यायला लागेल. लाओ बानचांग. मेंगहाय तालुक्यातल्या बुलांग डोंगरातलं एक छोटंसं खेडं, तिथला चहा कडक, दमदार, आणि भाव असा की नुसतं नाव घेतलं तरी खिशाला घाम फुटावा. त्या गावात जेवढा चहा पिकतो, त्याच्या कैकपट चहा त्या गावाच्या नावाने खपतो. यात अडखळण्यासारखं काही नाही. महामार्गाच्या कडेला मिळणाऱ्या देवगड हापूसच्या पेट्या एकट्या देवगडने भरायच्या म्हटल्या तर तिथे घरं बांधायला जागा उरली नसती. नियम तसे कडक आहेत. २००८ पासूनच्या राष्ट्रीय मानकात पु-अर कशाला म्हणावं, युनानच्या कोणत्या भागातला, सगळं लिहिलेलं आहे. पण मानक चकतीच्या आत शिरून बघत नाही. गावाच्या जोडीला झाडाचं वयही घ्या: तीनशे, पाचशे, हजार वर्षं. जुनी चहाची रानं खरीच आहेत, जिंगमाय डोंगरावरची २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. फक्त मुळाशी जन्मतारीख लिहिलेली नसल्यामुळे, झाडाचं वय गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघून ठरतं.

पैसे जास्त वाटले तर ही गुंतवणूक आहे असं समजा. तुम्हाला 'अठ्ठ्याऐंशी छिंग'ची गोष्ट ऐकवतील. तीही खरी आहे. १९८८ च्या आसपासच्या त्याच ७५४२ चकत्या, हाँगकाँगच्या एका चहावाल्याने कोरड्या जागी सांभाळल्या, आता एकेक चकती लाखांत जाते. ही गोष्ट फांगत्सुनच्या प्रत्येक दुकानात सांगतात आणि प्रत्येक दुकानातली चकती ही उद्याची अठ्ठ्याऐंशी छिंगच असते. दुसरी गोष्ट सांगत नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात पु-अरचं वेड असं चढलं, की लोक चहा न पिता पेट्या साठवायला लागले. २००५ मध्ये जाहिरातीसाठी युनानहून बीजिंगपर्यंत चहा लादलेल्या जनावरांचा तांडा चालत नेला. २००७ मध्ये सिमाओ नावाच्या आख्ख्या शहराने आपलं नाव बदलून पु-अर करून घेतलं. आणि त्याच वर्षी भाव कोसळले. बाजारात तुरी होत्या तोवर ठीक होतं. इथे तुरी माजघरात येऊन पडल्या होत्या, पेट्याच्या पेट्या, आणि घ्यायला कोणी नाही. शहराला निदान नाव तरी राहिलं.

तर घ्यायचाच तर आख्खा थोंग घ्या. पंचवीस-तीस ग्रॅमचा नमुना मागणारी माणसं असतात, घरी नेऊन आठवडाभर पितात, रिकाम्या डोक्याने आणि भरल्या पोटी ठरवतात, आणि पुष्कळदा परत येतच नाहीत. अशा कद्रूपणाने बाजार कसा चालायचा?

आता साठवण. हे मी नीट अभ्यास करून केलं, म्हणून तपशिलात सांगतो. मी राहतो ठाण्याला, खाडीच्या बाजूला. जूनमध्ये आमच्याकडे पापड तळायच्या आधीच मऊ पडतात. तिथे चकती ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. वाचलं होतं, की खुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर असल्याने कोरडं, तिथे चहा सावकाश पण स्वच्छ मुरतो. मला परवडणारं खुनमिंग म्हणजे पुणे. सदाशिव पेठेत आत्या राहते. तिच्या आतल्या खोलीत, उन्हाच्या विरुद्ध भिंतीला, लोखंडी कपाट आहे. तिला म्हटलं, औषधी वस्तू आहे, हात लावू नकोस, धक्का लागू देऊ नकोस. तिने पुडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि साड्यांच्या खालचा कप्पा रिकामा करून दिला. चहा आजूबाजूचा कुठलाही वास ओढून घेतो, म्हणून स्वयंपाकघरापासून लांब ठेवावा, अगरबत्तीपासून लांब ठेवावा, हे सगळं मी पाळलं होतं. फोडणीचा वास त्या खोलीत येत नाही, हे मी स्वतः उभा राहून तपासलं होतं.

दोन वर्षं थांबलो. मग एका रविवारी चहाची जाण असलेल्या तीन मित्रांना आत्याकडेच बोलावलं, जागेवर फोडलेली बरी म्हणून. यावेळी सुरी आडवी सरकवली. पाणी उकळलं, पहिलं ओतून टाकलं, दुसरं पेल्यांत आलं. खोलीत एक थंड, तीक्ष्ण, नाकात चढणारा गंध पसरला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तम जुन्या पु-अरला कापराच्या झाडाचा गंध येतो, त्याला 'झांगशियांग' म्हणतात आणि त्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. एकाने पेला खाली ठेवून सावकाश तोच शब्द उच्चारला. दुसरा म्हणाला, पाठीतून ऊब चढतेय. तिसरा काही बोललाच नाही, त्याचे डोळे पाणावले होते. माझ्या मनात ग्वांगजौच्या त्या दुकानदाराबद्दल दोन वर्षं जे काही होतं, ते सगळं मी मनोमन मागे घेतलं.

आत्या खाण्याच्या बश्या घेऊन आत आली. दारातच थांबली, हवेत दोनदा हुंगलं.

"अरे, डांबराच्या गोळ्यांचा वास का येतोय? माझी पैठणी काढलीय का कोणी?"

कोणी काही बोललं नाही. तिने पेला उचलला, एक घोट घेतला, तोंड न वाकडं करता गिळला. मग मला विचारलं, हे किती जुनं आहे म्हणालास. मी म्हटलं, पंच्याहत्तरचं. तसं कोण म्हणालं, तिने विचारलं. मी म्हटलं, दुकानदार. कागद आहे का काही? नाही म्हटलं.

"कपाट चौऱ्याहत्तरचं आहे," आत्या म्हणाली. "माझ्या लग्नातलं. पावती आहे माझ्याकडे, दाखवू?"